नेवादो देल रुईस

नेवादो देल रुईस : दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाचा जागृत ज्वालामुखी. अँडीज पर्वतात, बोगोटाच्या पश्चिमेस सुमारे १३० किमी.वर. उंची सुमारे ५,३०० मी. विषुववृत्ताजवळ असूनही माथ्यावर बारमाही बर्फ असते. त्याचा मोठा धोका लाव्हारसापेक्षा या बर्फात आहे.

१३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री नऊनंतर झालेला उद्रेक तसा मोठा नव्हता. माथ्यावरच्या बर्फाचा जेमतेम दहावा हिस्सा वितळला. पण ते पाणी राख, माती, दगडधोंडे ओढत नद्यांच्या अरुंद खोऱ्यांत उतरले आणि वाटेत फुगत गेले. अशा चिखललोंढ्याला ‘लाहार’ म्हणतात. (शब्द जावानीज आहे, मराठी ‘लहरी’शी गल्लत करू नये.) ओल्या काँक्रीटसारखा दाट असा हा लाहार सुमारे अडीच तासांनी लागुनिया नदीतून आर्मेरो गावावर आला. तेथील सुमारे २९,००० रहिवाशांपैकी २०,००० हून अधिक मेले. पश्चिमेकडील चिंचिना येथील मृत धरून एकूण बळी सुमारे २३,०००.

हे संकट अवचित आले असे म्हणवत नाही. ज्वालामुखी वर्षभर धुमसत होता. सप्टेंबरात एक छोटा लाहार येऊन गेला होता आणि ऑक्टोबरात तयार झालेल्या धोक्याच्या नकाशात आर्मेरो होते. गाव उभे होते तेही १८४५ च्या लाहारने पसरलेल्या गाळावर. तेव्हा सुमारे १,००० माणसे दगावली होती. १३ नोव्हेंबर १९८५ च्या दुपारी राख पडू लागली, तरी लोकांना घरी शांत राहण्यास सांगण्यात आले. पायी गाठता येईल अशी उंच जागा जवळ होती. नकाशा होता, पण गाव सोडण्याचा हुकूम वेळेवर पोहोचला नाही.

याच अनुभवातून अमेरिकेने १९८६ मध्ये परदेशी ज्वालामुखींसाठी फिरते मदतपथक उभारले. १९९१ मध्ये फिलिपीन्समधील पिनातुबोच्या कितीतरी मोठ्या उद्रेकापूर्वी या पथकाने स्थानिक शास्त्रज्ञांसोबत काम केले आणि हजारो लोक वेळीच हलवले गेले. तेथे अधिकाऱ्यांना पटवण्यासाठी मोरिस व काटिया क्राफ्ट या फ्रेंच दांपत्याची चित्रफीत दाखवण्यात आली. तीत आर्मेरोची दृश्ये होती. पिनातुबोचा मुख्य उद्रेक १५ जून रोजी झाला. क्राफ्ट दांपत्य ३ जूनलाच जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर मृत्युमुखी पडले होते.

आर्मेरो पुन्हा वसवण्यात आले नाही.