सुहैल, उंट आणि रक्ताचा थेंब

तुम्ही मुशैरिबला उतरता ते १९२५ साली, मे महिना सरत आलेला असताना. तीन मार्ग जुळणारं मेट्रो स्टेशन अजून चौऱ्याण्णव वर्षं लांब आहे. दोहा नावाचं गाव समुद्राला चिकटून बसलंय आणि तुम्ही त्याच्या मागच्या अंगाला, एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात उभे आहात. इथे विहिरी आहेत, म्हणून वर्दळ आहे. पखाली भरल्या जातायत, गाढवांवर लादल्या जातायत. मोत्यांचा मोठा हंगाम तोंडावर आलाय आणि होड्या आता चार महिने समुद्रातच राहतील.

खिशात रुपये असतील तर बिनघोर काढा, इथे तेच चालतात. मोत्यांचा मोठा बाजार मुंबईत आहे आणि मोत्याची ‘चव’, म्हणजे वजनावरून मोलाचं माप, काढायची रीत दोन्ही किनाऱ्यांवर आहे. मुंबईहून आलाय म्हटल्यावर नाखवा तुम्हाला होडीवर जागा देतो. काम मात्र देत नाही. तुमचे तळहात त्याने पाहिलेत.

होडीवर सावली नाही. पाणबुड्याच्या नाकावर कासवाच्या पाठीचा किंवा शिंगाचा चिमटा, बोटांवर चामड्याच्या टोप्या, गळ्यात जाळी, पायाला दगड. दगड त्याला खाली नेतो आणि दोरी धरून उभा असलेला जोडीदार त्याला वर ओढतो. मधला वेळ मिनिटभराचा, फार तर दीड मिनिटाचा. तेवढ्यात हाताला लागतील तेवढे शिंपले खुडायचे, वर येऊन दम घ्यायचा आणि पुन्हा खाली जायचं. दिवस मावळेपर्यंत हेच.

दहा मीटर खोलीवर शरीरावरचा दाब किनाऱ्यावरच्या दुप्पट होतो. हे पाणबुड्याला कोणत्याही शाळेने शिकवलेलं नाही, कानाने शिकवलंय. नवख्याचा पडदा फाटतो, रक्त येतं, पू होतो. पुढे दुखणं थांबतं आणि ऐकूही कमी येऊ लागतं. म्हणून जुन्या पाणबुड्यांशी सगळे ओरडून बोलतात. त्यांतले काही जण पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम आहेत. त्यांच्या कमाईचा वाटा मालकाकडे जातो, कान मात्र त्यांचाच फाटतो.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे नाखवा तुम्हाला हलवून उठवतो. दक्षिणेला, क्षितिजाच्या जरासा वर, एक ठसठशीत तारा आलाय. तो म्हणतो, सुहैल. आपला अगस्तीच हा! महाराष्ट्रात तो दोनेक आठवडे आधीच पहाटेच्या आकाशात येतो, पण तेव्हा वर श्रावणाचे ढग असतात. इथे ढगच नाहीत, त्यामुळे अख्खा किनारा याची वाट पाहतो. सुहैल दिसला की उन्हाळ्याचा जोर ओसरायला लागला, रात्री सुसह्य झाल्या, हंगामाचा शेवट दिसू लागला असा हिशेब आहे. दोहाच्या आकाशात हा तारा क्षितिजापासून बारा अंशांहून वर कधीच चढत नाही. तेवढ्यावरही इथली माणसं दिशा धरतात.

तुम्ही भविष्यातून आला आहात, तेव्हा नाखव्याला दोन गोष्टी सांगून टाका. एक, आपण पाहतोय तो उजेड या ताऱ्यावरून सुमारे ३१० वर्षांपूर्वी निघालाय. दोन, १९६४ मध्ये मंगळाकडे एक यान जाणार आहे, मरिनर-४, आणि अवकाशात आपली बैठक नीट राहावी म्हणून ते याच ताऱ्यावर नजर ठेवणार आहे. पहिल्या गोष्टीवर तो हसतो. दुसरीचं त्याला मुळीच नवल वाटत नाही. वाट धरायला दुसरं काय वापरणार?

होडी किनाऱ्याला लागल्यावर खांदा आखडलेला एक पाणबुड्या गावातल्या जाणत्याकडे जातो आणि तुम्ही त्याच्या मागोमाग. अंगणात लंगडणारा उंट बसवलाय, निखाऱ्यात सळई तापतेय. आधी उंटाच्या पायाला डाग, मग माणसाच्या खांद्याला. सळई एकच. तुम्ही तोंड फिरवता, पण मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला असेच डाग देतात, हे तुमच्या वाचनात आलेलं आहे. कॉर्डोबाच्या अल जहरावीने हजारेक वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेवर जो प्रसिद्ध ग्रंथभाग लिहिला, त्याचं पहिलंच प्रकरण डागण्यावर आहे.

तारा, जनावर आणि शरीर यांची खाती १९२५ च्या मुशैरिबमध्ये वेगळी नाहीत. एकाच माणसाला तिन्हींतलं थोडं थोडं कळतं, कारण तिन्हींवाचून त्याचं पोट भरत नाही. निरीक्षणाला इथे तोटा नाही. पण किती कान फाटले, कितीजण वर आलेच नाहीत, डागाने किती बरे झाले आणि किती आपोआपच बरे झाले असते, हे कुणी लिहून ठेवत नाही. नाखव्याच्या वहीत पाणबुड्याचं नाव आहे, आणि नावापुढे त्याचं कर्ज.

इथून पुढे भराभर चला. मोत्याबद्दल होडीवर सांगत होते की पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो. आपल्याकडे तो थेंब स्वाती नक्षत्राचा लागतो. जपानमध्ये कोकिची मिकिमोतोने थेंबाची वाट न पाहता १८९३ मध्येच शिंपल्याकडून अर्धगोल मोती करून घेतला होता. पुढे तिथल्याच संशोधकांनी गोल मोत्याची युक्ती शोधली. एका शिंपल्यातल्या आवरणाच्या पेशी एका मण्यासोबत दुसऱ्या शिंपल्यात ठेवायच्या, मग तो प्राणी मण्याभोवती थरावर थर चढवत जातो. १९२१ च्या सुमारास हे मोती लंडनच्या बाजारात पोचले, १९२९ मध्ये जगभर मंदी आली, आणि दोहातल्या होड्या वाळूवर ओढल्या गेल्या. शिंपल्यावरच्या संशोधनाची किंमत या होड्यांवरच्या माणसांनी मोजली. दुखानला १९४० मध्ये तेल लागलं, पण महायुद्धामुळे त्याची पहिली निर्यात व्हायला १९४९ साल उजाडलं.

१९५७ मध्ये थांबा. गुलामगिरी कायद्याने संपून पाच वर्षं झाली आहेत. मुशैरिबच्या कहरबा रस्त्यावर विजेचे दिवे आलेत आणि संध्याकाळी लोक नुसते दिवे बघायला हिंडतात. रुपया अजून चालतो. समुद्रालगत रुमैला रुग्णालय याच वर्षी उघडलंय. तिथे जाऊन एकच गोष्ट बघा. प्रत्येक रुग्णामागे एक कागद आहे. नाव, वय, तक्रार, उपचार. म्हातारा पाणबुड्या कान दाखवायला आला, तर त्याचा कान आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी लिहून घेणार आहे.

कागद साठले की काय होतं, ते २००३ मध्ये दिसतं. बाळ जन्मलं की टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेतले जातायत, आणि ते कागद विमानाने जर्मनीत हायडेलबर्गला जातायत. तपासणीतून कळतं की होमोसिस्टिन्युरिया हा चयापचयाचा आजार कतारमध्ये साधारण १,८०० जन्मांमागे एकाला आहे, म्हणजे जगाच्या मानाने फार जास्त. नात्यात लग्नं होणाऱ्या लहान समाजात एक जुना जनुकबदल पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिलाय. बाळाला पहिल्या आठवड्यांतच आहार आणि औषध सुरू केलं, तर डोळे, हाडं आणि मेंदू वाचतात. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्या जाणत्याला हे कधीच दिसलं नसतं, कारण जन्मतः ते बाळ निरोगी दिसतं.

२०१० च्या डिसेंबरात मुशैरिब ओळखू येत नाही. जुनी दुकानं, खोल्या, शिंप्यांचे गाळे पाडून प्रचंड खड्डे खणलेत. धूळ आणि झगमगाट यांमुळे वर बघून एकही तारा धड दिसत नाही. आणि नेमकं आत्ताच खगोलशास्त्रज्ञ डॉ. खालिद अल सुबई यांच्या गटाने कतारच्या नावाचा ग्रह जाहीर केलाय. कतार-१बी. कॅमेरे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या काळ्याभोर आकाशाखाली ठेवलेत, ते रात्रभर हजारो ताऱ्यांची चमक मोजत राहतात. कालेय तारकासमूहातल्या, सुमारे ६०० प्रकाशवर्षं लांब असलेल्या एका ताऱ्याचा उजेड ठराविक काळाने जेमतेम दोन टक्क्यांनी मंद होतो, कारण गुरूएवढा ग्रह त्याच्यासमोरून जातो. त्याचं वर्ष साधारण ३४ तासांचं आहे. त्या ग्रहाला कुणीही पाहिलेलं नाही. दिसला तो फक्त नोंदींच्या रांगेतला खड्डा. नाखवा असता तर म्हणाला असता, ज्या ताऱ्याने वाट सापडत नाही तो मोजून करायचाय काय? त्याला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा. होडी हाकायला कतार-१बी निरुपयोगी आहे, हे मान्यच करावं लागेल.

२०१३ चा ऑक्टोबर. आता शहराबाहेर, उंटांच्या एका वाड्यावर चला. आत जाण्याआधी मास्क, चष्मा, हातमोजे घाला. गेल्या वर्षी जेद्दाच्या एका रुग्णालयात डॉ. अली मोहम्मद झाकी यांना पुढे दगावलेल्या एका रुग्णाच्या नमुन्यात एक नवा कोरोना विषाणू सापडला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एका कतारी रुग्णाला उपचारासाठी लंडनला हलवलं, तर त्याच्यातही तोच निघाला. आजाराला मर्स म्हणतात आणि नोंदल्या गेलेल्या रुग्णांपैकी तिसरा हिस्सा दगावतो. या वाड्याशी संबंध असलेल्या दोघांना तो झालाय. एक एकसष्ट वर्षांचा मालक आणि दुसरा तेवीस वर्षांचा कामगार.

चौदा उंट आहेत. पशुवैद्य एकेकाच्या नाकात लांब काडी फिरवतात. उंट मान झटकतात, फुरफुरतात, शिंतोडे उडवतात, आणि हा रोग पसरत कसा असेल हे तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही. नमुने हॉलंडमध्ये रॉटरडॅमला पाठवले जातात. चौदांपैकी तिघांत विषाणू मिळतो आणि तो माणसांतल्या विषाणूशी जवळपास जुळतो. तरीही लॅन्सेट गटाच्या नियतकालिकात शास्त्रज्ञ हात राखून लिहितात: उंटांकडून माणसांना गेला, माणसांकडून उंटांना गेला की दोघांना तिसरीकडून मिळाला, हे एवढ्यावरून ठरत नाही.

ते ठरवायला मदत करतात जुने उंट. आफ्रिकेत १९८३ पासून वेगवेगळ्या कामांसाठी घेतलेलं उंटांचं रक्त शीतगृहात पडून होतं. सोमालिया, सुदान आणि इजिप्तमधले ते नमुने वितळवून तपासले, तर बहुतेकांत मर्सविरोधी प्रतिपिंडं निघाली. म्हणजे रोगाला नाव मिळण्याच्या तीस वर्षं आधीपासून विषाणू उंटांत नांदत होता. कालप्रवास तुम्हीच करताय असं नाही, त्या कुप्यांनीही केलाय. आणि ज्या सळईवाल्याच्या अंगणात उंट आणि माणूस शेजारी बसले होते, त्याच शेजाराकडे आता पशुवैद्य, डॉक्टर आणि विषाणुशास्त्रज्ञ एकत्र येऊन पाहतायत.

आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. त्या शोधनिबंधात तो तेवीस वर्षांचा कामगार आहे. नाव नाही, वय आहे, लक्षणं आहेत. नाव न छापणं हे त्याच्या खासगीपणासाठी आहे. १९२५ च्या पाणबुड्याचं नाव लिहिलं जात होतं, तब्येत नाही. इथे उलटं आहे, आणि हे उलटं होण्यात माणसाचा फायदा आहे. मुशैरिबमधलं २०१५ साली उघडलेलं बिन जलमूद घर हे गुलामगिरीचं संग्रहालय याच्या आधी बघून आला असतात, तर हा फरक जास्त टोचला असता.

आता वर्तमानात या. दोहात राहणाऱ्या मराठी माणसांपैकी अनेकांनी इथे पंधरा वर्षं कधीच ओलांडली आहेत, तुम्हीही कदाचित त्यांतले असाल. तसं असेल तर पुढची पायरी प्रेक्षकाची नाही. संशोधनासाठी नमुने साठवणाऱ्या कतार बायोबँकेत इथल्या नागरिकांसोबत पंधरा वर्षं राहिलेल्या परदेशी रहिवाशांनाही भाग घेता येतो. मुशैरिबहून हमद मेडिकल सिटीचा रस्ता फार नाही. तिथे तुम्हाला संमतीचा कागद देतील. तो नीट वाचा, प्रश्न विचारा, आणि नंतर माघार घेण्याची मुभा आहे ती वापरायची का, हेही तुमच्याच हातात ठेवा. मग रक्त, लाळ, लघवी, उंची, वजन, खाण्यापिण्याच्या सवयी. बाकरवडीचा रकाना नसेल, तोंडी सांगा.

तुमच्या कुपीवर क्रमांक पडेल आणि ती अतिशीत कपाटात जाईल. २०५० मध्ये कुणी ती उघडेल ते कोणत्या प्रश्नासाठी, हे आज त्या बँकेलाही माहीत नाही. १९८३ च्या सोमाली उंटालाही माहीत नव्हतं. त्याला विचारलं नव्हतं, तुम्हाला विचारताहेत. तेव्हा सही करायची की नाही, हे ठरवून सांगा.