उन्हाच्या धास्तीचा पोशाख

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनहून हिंदुस्थानला किंवा पश्चिम आफ्रिकेला निघालेल्या साहेबाच्या ट्रंकेत एक वस्तू हमखास असे. पोटाभोवती गुंडाळायचा फ्लॅनेलचा पट्टा. भर वैशाखातही तो बांधायचा. नाव ‘कॉलरा बेल्ट’. पोटाला गारवा लागला की पटकी होते, असे तेव्हाचे बरेच डॉक्टर मानत. पटकी दूषित पाण्यातून पसरते हे जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनमध्येच दाखवून दिले होते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. पण पट्टा काही सुटला नाही. विसावे शतक उजाडले तरी ब्रिटिश लष्कर आपल्या शिपायांना तो देतच होते. रोग ओसरतात, पण सामानाच्या याद्या ओसरत नाहीत.

या याद्यांमागे एक अख्खा धंदा उभा होता. फ्रान्सिस गाल्टन नैर्ऋत्य आफ्रिकेतून परतले आणि १८५५ मध्ये त्यांनी ‘द आर्ट ऑफ ट्रॅव्हल’ हे पुस्तक काढले. अंगालगत फ्लॅनेल घालावे, हा त्यातला आग्रह. वादळी पाऊस आला तर कपडे उतरवावेत आणि त्यांच्यावरच बसून राहावे, म्हणजे ते कोरडे राहतात, हाही सल्ला त्यातलाच! अशी हुशारी फुकटची असते, त्यामुळे दुकानदारांना तिचा उपयोग नव्हता. त्यांना विकायचे होते ते डोक्यापासून पायापर्यंतचे संपूर्ण ‘आउटफिट’. १८७१ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने पुढे मुंबईतही शाखा काढली. काळा घोड्याजवळची ती इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते.

या पोशाखाचा मुकुटमणी म्हणजे सोला हॅट. बंगालच्या पाणथळ जागी उगवणाऱ्या शोला नावाच्या वनस्पतीचा गाभा पांढरा आणि अतिशय हलका असतो. त्यापासून टोपी घडवायची, वर कापड चढवायचे आणि भोवती मलमलीची पगडी गुंडाळायची. सावलीसाठी ती खरोखरच उत्तम होती. दोष एवढाच की जोरदार पावसात ती भिजून मऊ पडे, म्हणून लष्कराने बुचाच्या हेल्मेटला पसंती दिली. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर पूर्वेकडे जाणारे प्रवासी पोर्ट सैदला सायमन आर्ट्झच्या दुकानातून टोपी घेऊ लागले. कायमचे मायदेशी परतणारे काही जण तिथेच आसपास ती समुद्रात फेकून देत.

टोपीपर्यंत ठीक होते. पण उन्हातले अदृश्य किरण गोऱ्या माणसाच्या मज्जारज्जूपर्यंत पोहोचतात, असा सिद्धान्त पुढे आला आणि पाठीवर ‘स्पाइन पॅड’ नावाची रजईवजा गादी आली. अमेरिकन लष्कराने तर फिलिपिन्समध्ये शिपायांना नारिंगी-लाल रंगाचे आतले कपडे घालून पाहिले. १९१० मध्ये निष्कर्ष छापून आला: फायदा नाही, उलट उकाडाच जास्त. शेजारच्या शेतात स्थानिक शेतकरी उघड्या पाठीने राबत होते, पण त्यांना विचारण्याची कुणालाच गरज वाटली नाही. विचारले असते तर टोपी घालणाऱ्याचा वेगळेपणा उरला नसता, आणि टोपीचे निम्मे काम तेच होते. हिंदुस्थानातल्या अँग्लो-इंडियन समाजानेही ती उन्हाइतकीच ओळखीसाठी डोक्यावर ठेवली.

आजूबाजूला पाहणारेही होते. १८४६ मध्ये पेशावरला ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही पलटण उभी करताना हॅरी लम्सडेन यांनी लाल डगला बाजूला ठेवला आणि शिपायांना स्थानिक धाटणीचे, मातकट रंगाचे सैल कपडे दिले. खाकी ती हीच. १८५७ च्या धामधुमीत कित्येक गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे मिळेल त्या रंगात बुडवून घेतले, चहाच्या पाण्यातसुद्धा.

इंग्रज प्रवासी मेरी किंग्स्ली यांची तऱ्हा निराळी. १८९५ मध्ये त्या गॅबोनच्या जंगलात हिंडल्या त्या लंडनमध्ये घालत त्याच जाड, लांब झग्यात. जनावरांसाठी खणलेल्या आणि तळाशी अणकुचीदार खुंट रोवलेल्या खड्ड्यात त्या पडल्या, तेव्हा त्या झग्याच्या घोळानेच त्यांना वाचवले. पण त्यांचे खरे सामान वेगळेच होते: कापड, तंबाखू आणि मासे धरायचे गळ. हा माल देऊन त्या गावोगाव जेवण, निवारा आणि वाटाड्ये मिळवत. व्यापारी म्हणून आलेल्या बाईचे येणे लोकांना समजत असे. सगळ्या आउटफिटवाल्यांच्या याद्यांपेक्षा ही निवड शहाणपणाची होती.

सोला हॅटचा निकाल लावला दुसऱ्या महायुद्धाने. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात हजारो सैनिक बोडक्या डोक्याने वावरले आणि उन्हाने त्यांचा मेंदू काही वितळला नाही. ब्रह्मदेशात जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सेनेने हिरवे कपडे आणि रुंद काठाची मऊ हॅट घेतली. शोला मात्र बंगालमध्ये आजही कापला जातो. दुर्गेच्या मूर्तीची सजावट आणि नवरदेवाचा टोपोर त्याचाच होतो.