फासा टाकणारा कवी

इतिहासाच्या तासाला १८४८ सालचा फ्रान्स आला की माझे पाऊल तिथे अडते. कारण, एक कवी. लामार्तिन त्याचे नाव. आम्हां लिहिणाऱ्यांना आपल्या जातभाईचे कौतुक असायचेच!

फेब्रुवारीत राजा पळाला. मार्चमध्ये नव्या सरकारने सर्व प्रौढ पुरुषांना मताचा हक्क दिला; बायकांना नाही. एप्रिलच्या निवडणुकीत या कवीला एकदम दहा जिल्ह्यांनी निवडून दिले. पुढे घटना घडू लागली आणि वाद निघाला : राष्ट्राध्यक्ष निवडायचा कोणी, सभेने की सबंध जनतेने? ग्रेव्ही नावाचा वकील म्हणाला, असा अध्यक्षच नको. लाखोंच्या मतांनी वर चढलेला माणूस उद्या गादी बळकावणार नाही कशावरून? लामार्तिनने उत्तर दिले, फासा टाका. देव आणि जनता काय ते ठरवतील. सभेने कवीचे ऐकले.

१० डिसेंबरला मतदान झाले. लुई नेपोलियनला सुमारे चोपन्न लाख मते पडली, सेनापती काव्हेन्याकला साडेचौदा लाखांच्या घरात. आणि लामार्तिनला? वीस-एक हजार!

"गुरुजी, लोकांना कळत नव्हतं का हो?" वर्गातल्या एका मुलाने मला विचारले. मला वाटते, चांगले कळत होते. लामार्तिन ज्या सरकारात होता, त्याने सरळ करांवर फ्रँकमागे पंचेचाळीस सांतीमांची जादा पट्टी बसवली होती. ती भरली शेतकऱ्याने. जूनमध्ये पॅरिसच्या कामकऱ्यांवर तोफा डागल्या त्या काव्हेन्याकने. मग उरले कोण? दोनदा बंड करून फसलेला, तुरुंगातून कामकऱ्याच्या वेषात पळालेला हा पुतण्या. पण त्याच्या चुलत्याचे नाव खेड्यापाड्यांत ठाऊक होते. कवीचा जनतेवर विश्वास होता, यात मला त्याचा दोष दिसत नाही. तो पट्टी विसरला, हा दोष.

घटनेप्रमाणे अध्यक्षाला चार वर्षांनंतर लगेच पुन्हा उभे राहता येत नव्हते. तेव्हा २ डिसेंबर १८५१ रोजी लुईने सभाच मोडली आणि लोकांना पुन्हा कौल विचारला. या वेळी निवड नव्हती. नुसते हो की नाही. चौऱ्याहत्तर लाखांवर 'हो' आले. वर्षभरात तो बादशहा झाला.

ग्रेव्ही १८७९ साली अध्यक्ष झाला, पण संसदेच्या मतांनी. लोकांच्या थेट मताने अध्यक्ष निवडायला फ्रान्सला १९६५ साल उजाडावे लागले. लामार्तिन मात्र कर्जापायी म्हातारपणीही लेखणी झिजवीत राहिला, आणि १८६७ साली त्याच बादशाहीने दिलेली पेन्शन त्याने घेतली.