‘डेझर्ट रेन’ : इंडियन ओशनचा दुसरा अल्बम आणि स्मृतिदिनाचा मंच

‘डेझर्ट रेन’ हा दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या रॉक बँडचा दुसरा अल्बम. तो १९९७ साली आला. हा अल्बम स्टुडिओत बसून केलेला नाही. १ जानेवारी १९९७ रोजी ‘सहमत’ या संस्थेने नाटककार सफदर हाश्मी यांच्या स्मृतीनिमित्त दिल्लीत कार्यक्रम ठेवला होता. त्या मंचावर बँडने जे वाजवलं, तेच ध्वनिमुद्रित करून अल्बम म्हणून बाहेर काढण्यात आलं.

१ जानेवारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भीमा कोरेगावचा विजयस्तंभ येतो. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेबांनी तिथे जाऊन अभिवादन केलं होतं. दिल्लीतल्या डाव्या सांस्कृतिक चळवळीसाठी या तारखेची आठवण वेगळी आहे. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळच्या झंडापूर या कामगार वस्तीत जन नाट्य मंचाचं ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य चालू असताना कलाकारांवर हल्ला झाला. राम बहादूर हा कामगार त्यात मारला गेला. जखमी सफदर यांचं दुसऱ्या दिवशी निधन झालं. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मोलयश्री त्याच जागी उभ्या राहिल्या आणि अर्धवट राहिलेलं नाटक पूर्ण केलं. त्याच वर्षी ‘सहमत’ची स्थापना झाली. पुढे दरवर्षी १ जानेवारीला कलावंत एकत्र येऊ लागले.

म्हणजे या अल्बमसमोर बसलेला श्रोता तिकीट काढून करमणुकीसाठी आलेला नव्हता. तो अभिवादनाला आलेला होता. अशा गर्दीपुढे वाजवणं म्हणजे काय, हे आपल्या जयंतीच्या मंचावर गायलेल्या कुठल्याही गायकाला विचारावं.

बँडची सुरुवात त्याच्या बरीच आधीची. सुश्मित सेन (गिटार) आणि असीम चक्रवर्ती (तबला, तालवाद्यं, गायन) यांची ओळख १९८४ ची. ‘इंडियन ओशन’ हे नाव १९९० साली ठरलं. राहुल राम (बेस गिटार, गायन) १९९१ मध्ये आले, तर अमित किलम (ड्रम) १९९४ मध्ये. पहिला अल्बम एचएमव्हीने १९९३ मध्ये काढला. त्या काळी इंग्रजी गाण्यांच्या नकला करणारे बँड कॉलेजांच्या महोत्सवांत पुष्कळ होते. तबल्यावर उभा असलेला, शब्द कमी आणि वाद्यं जास्त असलेला हा प्रकार कोणत्या कप्प्यात ठेवायचा, हे कंपन्यांना कळत नव्हतं. त्यामुळे दुसरा अल्बम काढायचा तर स्टुडिओचं भाडं कुठून आणायचं, हा साधा आणि अवघड प्रश्न होता. मंचावरच्या त्या मुद्रणाने तो सोडवला.

थेट मुद्रणाचा एक नियम आहे. जे झालं ते झालं. स्टुडिओत चुकलेली ओळ पुन्हा गाता येते, ढोलकी वेगळी आणि आवाज वेगळा घेता येतो. मंचावर सगळं एकदमच होतं. श्वास, टाळ्या, लांबलेला आलाप आणि कलाकारांनी एकमेकांना केलेल्या खुणा, सगळं त्यात येतं. ‘डेझर्ट रेन’मध्ये ते जाणवतं. त्यातल्या ‘गोइंग टू आयटीओ’ या रचनेचं नाव दिल्लीतल्या एका गजबजलेल्या चौकावरून आलं आहे. शीर्षक रचना ‘डेझर्ट रेन’ म्हणजे वाळवंटातला पाऊस. मोठमोठ्या घोषणा यात नाहीत. कार्यक्रम शहीद कलावंताच्या स्मृतीचा, आणि संगीत बहुतांशी शब्दांविना. मला वैयक्तिक पातळीवर हे थोडं खटकतं. आपली परंपरा शब्दांची आहे, आणि भीमगीतात शब्द गेला तर उरेल काय? पण ऐकत राहिलं की लक्षात येतं, ताल एकटाही माणसांना जागेवर धरून ठेवतो.

अल्बममधली आणखी एक रचना ‘बोल वीव्हिल’. हे कापसाच्या बोंडात शिरणाऱ्या अमेरिकेतल्या भुंग्याचं नाव. आपली गुलाबी बोंडअळी वेगळी, पण नुकसान तेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या किडीने अमेरिकेच्या दक्षिण भागातला कापूस खाल्ला. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणाऱ्या काळ्या शेतमजुरांनी त्यावर गाणी रचली. ब्लूज गायक चार्ली पॅटन यांनी त्यातलं एक १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. याच ब्लूजमधून पुढे रॉक उभं राहिलं. शिंदखेड्याच्या शिवारात कापूस वेचणीला जाणाऱ्या घरातल्या पोरांनी ‘रॉक म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचा नाद’ असं म्हणून ते सोडून द्यावं, असं मला वाटत नाही. त्याचं मूळ वेचणी करणाऱ्यांच्याच घरात आहे.

खान्देशाशी या बँडचा एक धागा थेट आहे. राहुल राम यांनी अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. केली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनात काम केलं. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी झाला. सरदार सरोवराखाली जाणारी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं त्या वेळी आपल्या धुळे जिल्ह्यातच होती. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अक्राणी तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात एक आदिवासी मुलगा मारला गेला. हे सगळं घडत होतं तेव्हा बँडचा पहिला अल्बम नुकताच आला होता.

नर्मदेचं गाणं मात्र दुसऱ्या अल्बममध्ये नाही. ते ‘मा रेवा’ या नावाने तिसऱ्या अल्बममध्ये आलं. टाइम्स म्युझिकने २००० साली काढलेला हा ‘कंदिसा’. त्यातलं शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतल्या प्रार्थनेवर आहे आणि ‘हिल्ले ले’ हे क्रांतिकारी कवी गोरख पांडे यांचं. या अल्बमने बँड देशभर पोहोचला आणि मग लोकांनी मागे जाऊन ‘डेझर्ट रेन’ शोधून ऐकला. ‘मा रेवा’वर शहरातली तरुण मुलं आजही नाचतात. पण ते गाणं नदीच्या स्तुतीचं आहे, बुडालेल्या घरांची नावं त्यात नाहीत. ज्याला आंदोलन माहीत आहे त्याला त्यात मणिबेली ऐकू येते, बाकीच्यांना फक्त नदी. गाणं चळवळीतून बाहेर पडून बाजारात गेलं की असं होतं, आणि यात बँडचा दोष काढण्यापेक्षा ही गोष्ट ओळखून ठेवणं जास्त उपयोगाचं.

याच १९९७ सालची दुसरी एक तारीख. ११ जुलैला मुंबईत घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण मारले गेले. ते सहन न होऊन १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी आपलं जीवन संपवलं. विलास घोगरेंचा आवाज आज आपण ऐकू शकतो, कारण आनंद पटवर्धन यांनी ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटासाठी त्यांना गाताना चित्रित केलं होतं, आणि पुढे ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये (२०११) तो आवाज पुन्हा आला. कॅमेरा तिथे नसता तर?

वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) हजारो गीतं लिहिली आणि गावोगाव गायली. त्यांच्या शब्दांचे संग्रह झाले, त्यांची गीतं इतर गायकांनी कॅसेटवर आणली. पण वामनदादांच्या स्वतःच्या आवाजात, भरल्या मंचावरचं, रात्री दोन वाजताचं गाणं त्या मानाने फारच थोडं मागे उरलं. गायन पार्ट्यांचं तर विचारूच नका. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी मुक्कामी होते, म्हणून दरवर्षी त्या दिवशी धुळे परिसरातले लोक तिथे जमतात. पावसात, चिखलात गाणी होतात. हा आपला ‘डेझर्ट रेन’चा मंच, फक्त त्याचं मुद्रण धड कोणी करत नाही.

मोबाइलवर व्हिडिओ निघतात, हे खरं. पण गर्दीतून धरलेल्या मोबाइलमध्ये स्पीकरचा फाटलेला आवाज आणि शेजाऱ्याच्या गप्पा येतात. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून बाहेर जाणारी एक तार छोट्या रेकॉर्डरला जोडली तर गायकाचा आवाज स्वच्छ मिळतो. गर्दीच्या टाळ्यांसाठी एक माइक वेगळा लावावा. साउंडवाल्याला आधी सांगून ठेवावं, ऐन वेळी तो चिडतो. गायकाची परवानगी घ्यावी. फाइलच्या नावात तारीख, गाव, गायक आणि कवी हे चारही लिहावं. शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा असते, ती ऐकून कवी लगेच कळतो. पण पार्टी गाणं आखडतं घेते तेव्हा नेमकं तेच कडवं जातं आणि गाणं निनावी होतं. म्हणून शेवटचं कडवं गाऊन घ्या, असं पार्टीला आधीच सांगावं.

इंडियन ओशनचं पुढचं थोडक्यात. ‘ब्लॅक फ्रायडे’ चित्रपटातलं पियूष मिश्रा यांनी लिहिलेलं ‘बंदे’ त्यांचं सर्वांत लोकप्रिय गाणं ठरलं. असीम चक्रवर्ती यांचं २५ डिसेंबर २००९ रोजी निधन झालं. जयदीप वर्मा यांचा ‘लीव्हिंग होम’ हा बँडवरचा माहितीपट २०१० मध्ये आला. सुश्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले. बँड नव्या कलावंतांसह चालू आहे. असीमदांचा १९९७ मधला मंचावरचा आवाज आणि तबला ‘डेझर्ट रेन’मध्ये आजही ऐकता येतो.