घाण्यापासून डब्यापर्यंत : वाशीमच्या आहारातील स्निग्धांशाचा इतिहास

वाशीम जिल्ह्याच्या रोजच्या जेवणातील तेलातुपाचा इतिहास हा बऱ्याच अंशी शेतातील पिके बदलत जाण्याचा इतिहास आहे. ज्या स्निग्धांशाच्या रेणूंतील कार्बनच्या साखळीत आणखी हायड्रोजन सामावण्यास जागा उरलेली नसते आणि जो त्यामुळे साधारण तापमानाला बहुधा घट्ट राहतो, त्याला संपृक्त मेद म्हणतात. तुपात त्याचे प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात व पामतेलात निम्म्याच्या आसपास असते, तर जवस आणि करडई यांच्या तेलांत ते दहा टक्क्यांच्या आसपासच राहते. या मेदाने रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढत असल्यामुळे आहारातील एकूण ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून अधिक ऊर्जा त्यातून मिळू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

वाशीम ज्या वऱ्हाडात येते, तेथील काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत जवस व करडई ही रब्बीची पिके पूर्वापार घेतली जात, आणि करडई काटेरी असल्याने गुरांना आवर घालण्यासाठी तिचे तास शेताच्या कडेनेही पेरले जात. घरचे बी तेल्याच्या बैलघाण्यावर नेऊन गाळून आणण्याची रीत होती, आणि मागे उरलेली पेंड गुरांच्या कामी येई. जवसाच्या तेलातील असंपृक्त मेदाम्ले हवेशी लवकर संयोग पावत असल्याने ते लवकर खवट होते, म्हणून ते थोडे थोडे व ताजेच गाळावे लागे आणि गावचा घाणा त्यासाठी गरजेचा ठरे. ज्वारीच्या भाकरीबरोबर तिखटावर घेतलेले कच्चे तेल आणि जवसाची चटणी हे कष्टकऱ्यांचे नित्याचे अन्न होते, तर तूप सधन घरांत आणि सणावारी अधिक दिसे. हा आहार आरोग्याच्या विचाराने निवडलेला नव्हता, तो जमिनीने व परिस्थितीने ठरवलेला होता, हे विसरता कामा नये.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यावर आणि पुढे रेल्वे आल्यावर कापसाचे क्षेत्र झपाट्याने वाढले, व मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद रेल्वेमार्गावरील, आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजासारखी गावे दूरच्या बाजारांशी जोडली गेली. शेतमाल ज्या वाटांनी बाहेर जाऊ लागला त्याच वाटांनी कारखान्याचा मालही आत येऊ लागला, आणि १९३७ मध्ये बाजारात आलेले डालडा हे वनस्पती तूप त्याचे ठळक उदाहरण होय. द्रव तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते तुपासारखे घट्ट करण्याच्या या प्रक्रियेत संपृक्त मेद वाढतो आणि त्याहून घातक असा ट्रान्स मेदही तयार होतो. तुपापेक्षा स्वस्त आणि दिसायला तुपासारखे असल्याने वनस्पती तूप मिठाईत व पंगतीत रुळले. भारतात तेला-तुपातील ट्रान्स मेदाची मर्यादा दोन टक्क्यांवर यायला मात्र २०२२ साल उजाडावे लागले.

पुढच्या काळात रेशन दुकानांतून पामतेल घरोघर पोचले आणि १९९४ नंतर त्याची आयात खुली झाल्यावर फरसाण, बेकरी व खानावळी यांत ते स्थिरावले. त्याच सुमारास सोयाबीनने खरिपाचा मोठा भाग व्यापला, त्यामागून हरभरा घेतला जाऊ लागला, आणि जवस-करडई मागे पडून घाणेही थांबले. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा आज सोयाबीनसाठी ओळखला जातो, आणि सोयाबीनच्या तेलात संपृक्त मेद सुमारे पंधरा टक्केच असतो. म्हणजेच संपृक्त मेदाची येथील अडचण घरच्या फोडणीत फारशी नाही. ती विकतच्या तळलेल्या पदार्थांत आणि घट्ट स्निग्धांशात अधिक आहे.

म्हणून या जिल्ह्यात संपृक्त मेद कमी करण्यासाठी परक्या अन्नाची गरज नाही. वनस्पती तूप व पामतेलातील पदार्थ नित्याच्या खाण्यातून वगळणे, तूप बेताने घेणे आणि जवसाच्या चटणीला ताटात पुन्हा जागा देणे एवढे पुरेसे आहे. परंतु ते टिकायचे असेल, तर रब्बीत जवस-करडईला परवडणारा भाव व गावाजवळ तेल गाळण्याची सोय यांचाही विचार झाला पाहिजे, कारण येथे ताट नेहमी शेतानेच ठरवले आहे.