आजीची बाटली

परवा माळीवाड्यातल्या जुन्या घराची आवराआवर करताना एक स्टीलचा डबा सापडला. आत काचेची सिरिंज आणि इन्सुलिनची एक रिकामी बाटली. बाटलीवरचं लेबल ब्लेडनं खरवडलेलं. बाबांनीच ते खरवडलं होतं, हे मला माहीत होतं.

आजी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा नाही. 1979 साली तिला इन्सुलिन सुरू झालं. फ्रीज नव्हता, म्हणून बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात असायची. रोज सकाळी सिरिंज उकळायची, मग सुई. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा कधीतरी वाचून दाखवील ही बाबांना धास्ती. कारण ते औषध गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं.

त्यावेळी दुसरा इलाजही नव्हता. 1921 मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. जानेवारी 1922 मध्ये लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला गुरांच्या ग्रंथीचा अर्क टोचला. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, कोलिपनं शुद्ध केलेला दुसरा लागू पडला. पुढची साठ वर्षं जगातले मधुमेही कत्तलखान्यांवरच अवलंबून होते. एक पौंड इन्सुलिनला सुमारे 8,000 पौंड ग्रंथी लागायच्या म्हणे!

इन्सुलिन म्हणजे 51 अमिनो आम्लांची साखळी, खरं तर दोन साखळ्या, 21 आणि 30 च्या. डुकराचं माणसाच्यापेक्षा एका ठिकाणी वेगळं, गाईचं तीन ठिकाणी. 1978 मध्ये कॅलिफोर्नियात जेनेनटेक आणि सिटी ऑफ होपच्या शास्त्रज्ञांनी या दोन साखळ्यांची जनुकं रसायनांपासून जोडून बनवली आणि ई. कोलाय जीवाणूत घातली. माणसाचं स्वादुपिंडसुद्धा लागलं नाही. जीवाणूंनी साखळ्या बनवल्या, मग त्या एकमेकींना जोडल्या. ऑक्टोबर 1982 मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं. आज प्रयोगशाळेत संशोधनासाठी कुपीतून मिळतं तेही असंच, पुनःसंयोजित.

आपल्याकडे बाहेरून येणारं मानवी इन्सुलिन महाग पडायचं. बाबांचा पगार आणि त्याची किंमत यांचा मेळ कधी बसलाच नाही. मग 2003 मध्ये वोक्हार्टनं औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) यीस्टच्या मदतीनं बनवलेलं 'वोसुलिन' बाजारात आणलं, भारतीय कंपनीचं पहिलं मानवी इन्सुलिन. नगरहून एसटीनं तीनेक तासांचा रस्ता!

आजी 1991 मध्ये गेली, त्याच त्या गाईच्या इन्सुलिनवर बारा वर्षं काढून. दर एकादशीला उपास, आणि उपासाच्या दिवशी डोस किती घ्यायचा यावरून बाबांशी वाद.

तिनं एकदाच विचारलं होतं, "हे कशाचं रे असतं?" बाबा म्हणाले, "कारखान्यात करतात."

डबा मी टाकला नाही. बाबांना दाखवला, तर त्यांनी बाटली हातात घेतली, अंगठ्यानं ती खरवडलेली जागा चाचपली आणि परत आत ठेवली.