मेश जाळे (खुल्या जागेतील, बिनतारी)

गच्च्या, पाण्याच्या टाक्या, टेकड्या किंवा मुद्दाम उभारलेले खांब यांवर बसवलेल्या रेडिओ राउटरांचे जाळे. यातला प्रत्येक राउटर (नोड) आसपासच्या लोकांना जोडणी देतो आणि त्याच वेळी शेजारच्या नोडची माहितीही पुढे धाडतो. इंटरनेटची तार एखाद-दुसऱ्या ठिकाणीच, म्हणजे गेटवेपाशी, येते. बाकीचे नोड एकमेकांमार्फत तिथवर पोचतात. एक नोड बंद पडला तर वाहतूक आपोआप दुसऱ्या वाटेने वळते, हा या रचनेचा सर्वांत गाजलेला गुण. मात्र त्यासाठी दुसरी वाट मुळात असावी लागते, आणि बहुतेक छोट्या जाळ्यांत ती नसते.

ही कल्पना उघड्यावर कितपत चालते याची नीट मोजदाद झाली ती एमआयटीच्या ‘रूफनेट’मध्ये. अमेरिकेतील केंब्रिज शहरात सुमारे ४ चौ. किमी. परिसरात ३७ नोड होते. जागांची आखणी नव्हती. जो स्वयंसेवक तयार झाला त्याच्या छपरावर सर्व दिशांना सारखे प्रक्षेपण करणारा अँटेना चढला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नोडांमधला सरासरी वेग सेकंदाला ६२७ किलोबिट भरला. या कामातूनच मेराकी ही कंपनी निघाली. २०१२ मध्ये ती सिस्कोने विकत घेतली. बर्लिनमध्ये २००२ पासून रुजलेल्या ‘फ्रायफुंक’ चळवळीत ‘बॅटमॅन’ हा मार्गनिश्चितीचा प्रोटोकॉल घडला आणि त्याची एक आवृत्ती २०११ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात गेली. कॅटलोनियातील ओसोना भागात २००४ मध्ये सुरू झालेले ‘गिफी’ जाळे हजारो नोडांपर्यंत वाढले. पण त्याची वाढ समोरासमोर रोखलेल्या जोडण्यांवर आणि पुढे फायबरवर झाली, आपोआप जुळणाऱ्या मेशवर फारशी नाही. भारतात धरमशाला येथे २००५ च्या सुमारास ‘एअरजल्दी’चे जाळे उभे राहिले. तिथे खांब किती मजबूत हवा हे वाऱ्याइतकेच अँटेनाला लोंबकळणाऱ्या माकडांवर ठरे.

वाट निवडताना टप्पे मोजणे पुरत नाही. कमीत कमी टप्प्यांची वाट धरली, की लांबच्या आणि म्हणून कमकुवत जोडण्याच निवडल्या जातात. एमआयटीच्याच संशोधकांनी २००३ मध्ये ‘ईटीएक्स’ हे माप मांडले : एक पाकीट सुखरूप पोचून त्याची पोच परत यायला सरासरी किती वेळा पाठवावे लागेल? जाण्याची आणि येण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी असलेल्या लांब जोडणीवर हा आकडा ४ येतो. मध्ये एक नोड घेऊन दोन निर्दोष टप्प्यांनी गेले तर तो २. म्हणजे जास्त टप्प्यांचा रस्ता निम्म्या खर्चात पडतो.

टप्प्यांना किंमत मात्र आहेच. एकच रेडिओ एका क्षणी एकतर बोलतो किंवा ऐकतो, आणि एकाच चॅनलवरचे शेजारी तेवढा वेळ गप्प राहतात. सरळ साखळीत आदर्श स्थितीतही मूळ क्षमतेचा एक चतुर्थांश हाती लागतो. वायफायच्या प्रत्यक्ष वर्तनात तो एक सप्तमांशापर्यंत उतरतो, असे २००१ च्या एका अभ्यासात दिसले. म्हणून जाणकार आखणीत प्रत्येक नोडवर निदान दोन रेडिओ असतात : २.४ गिगाहर्ट्झवर लोकांसाठी, ५ गिगाहर्ट्झवर नोडांच्या आपसातल्या वाहतुकीसाठी. गेटवेपासून तीनपेक्षा जास्त टप्पे पडू लागले, की दुसरा गेटवे शोधणे शहाणपणाचे. मेशचा ‘स्वयंभू’पणा विक्रेते जेवढा सांगतात तेवढ्यावर विसंबून उभारलेले जाळे पहिल्या वर्षी छान चालते, कारण वापरणारे थोडे असतात.

जोडणीचा हिशेब कागदावर करता येतो. समजा, ५.८ गिगाहर्ट्झवर ५ किमी. अंतर आहे. मोकळ्या हवेतली घट सुमारे १२२ डेसिबल. पाठवणाऱ्या बाजूने अँटेनासह ३६ डीबीएम (४ वॅट) आणि घेणाऱ्या बाजूला २३ डीबीआयची डिश धरली, तर सिग्नल उणे ६३ डीबीएमच्या आसपास यायला हवा. हा आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढे दोष शोधताना त्याच्याइतके उपयोगाचे दुसरे काही नसते. टाकीवरून टाकी दिसते एवढ्याने भागत नाही. रेडिओलहरींना दृष्टिरेषेभोवती फुगीर जागा लागते, तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. वरच्या उदाहरणात मध्यावर तिची त्रिज्या ८ मी. असते व त्यातला ६० टक्के भाग, म्हणजे साधारण ५ मी., मोकळा लागतो. २.४ गिगाहर्ट्झवर तीच त्रिज्या साडेबारा मीटर होते.

भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ मध्ये खुल्या जागेतील वापरासाठी परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमधील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ २०१८ च्या अधिसूचनेने मोकळे झाले.

उभारणीत रेडिओपेक्षा खांब, केबल आणि अर्थिंग यांवर जास्त वेळ जातो, जायलाच हवा. केबल बाहेरच्या वापराची, उन्हात न तडकणारी आणि अस्सल तांब्याची असावी; तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियम केबलमध्ये विद्युतदाब इतका पडतो, की दुपारी ठीक चालणारा रेडिओ रात्री गर्दीच्या वेळी बंद-चालू होत राहतो. उपकरणात शिरण्याआधी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाते. कनेक्टरवर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप खालून वर गुंडाळतात, म्हणजे वरचा थर खालच्यावर कौलांसारखा चढतो. डिश रोखताना एक फसगत नेहमीची : मुख्य झोताऐवजी बाजूच्या दुय्यम झोतावर जुळणी होते. स्थानिक पडद्यावर ‘कमाल’ दिसते, पण हिशेबापेक्षा सिग्नल १५-२० डेसिबल कमी. डिश दोन्ही बाजूंना बरीच फिरवून मधले खरे शिखर शोधावे लागते. एक अँटेना उभ्या आणि दुसरा आडव्या ध्रुवणात बसला तरी घट साधारण तेवढीच येते.

तक्रार आली, की गेटवेपासून एकेक टप्पा पिंग करत पुढे जावे. सिग्नल हळूहळू, आठवड्यांनी घसरला असेल तर पाणी किंवा पालवी. अँटेनाचा कनेक्टर उघडला की मधल्या पिनेवर हिरवट थर दिसतो. पाणी केबलच्या जाळीतून केशाकर्षणाने आत चढलेले असते. असा तुकडा पुसून, वाळवून चालत नाही, कापूनच टाकावा लागतो. सिग्नल एकदम पडला तर डिश हललेली. सिग्नल उत्तम पण वेग नाही, तर चॅनलवर दुसऱ्याचा गोंगाट, किंवा एकमेकांना न ऐकणारे दोन नोड तिसऱ्याशी एकदम बोलताहेत. लांबच्या जोडणीत अंतराचे सेटिंग राहून गेले असेल तरी हेच घडते : १० किमी.ला जाऊन-येऊन सुमारे ६७ मायक्रोसेकंद लागतात, पोच वेळेत आली नाही म्हणून रेडिओ तेच पाकीट पुन्हा पाठवत बसतो. चॅनल अचानक आपणहून बदलले, तर रडारची चाहूल लागल्याने तसे झाले का, हे नोंदवहीत पाहावे. ५ गिगाहर्ट्झच्या काही भागात रडारला वाट देणे बंधनकारक आहे. शंभर मेगाबिटवर चालणारा इथरनेट पोर्ट दहावर उतरला, की क्रिंप गंजली.

पावसाला मात्र विनाकारण बोल लागतो. ५ गिगाहर्ट्झवर मुसळधार सरीतही घट किलोमीटरमागे फार तर एखाद्या डेसिबलची. (६० गिगाहर्ट्झवर ती डोईजड होते.) खरा अडथळा भिजलेल्या पानांचा. मे महिन्यात पाहणी करून जोडलेली वाट जुलैत गळते ती यामुळे. झाडीत पाचशे-सहाशे मेगाहर्ट्झसारख्या खालच्या वारंवारता अधिक तग धरतात. आयआयटी मुंबईत अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालील ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघरच्या गावांत दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील रिकाम्या जागा वापरून असा प्रयोग केला. पुढे तिथल्या २५ गावांच्या जाळ्यासाठी ५.८ गिगाहर्ट्झची, परवानामुक्त पट्ट्यातली उपकरणे वापरली गेली.